सहीस नकार

वाटूर
५ जानेवारी १९५८

माझ्या बद्रीला,

आजीचा हात डोक्यावर आहे असं समजून हे वाच.

तुझं कार्ड परवा मिळालं. पोष्टमननं ते सायकलीवर बसल्या बसल्याच मोठ्यानं वाचलं, म्हनून माझ्या आधी साऱ्या आळीला कळलं की तुळजाबाईचा नातू रोहिणगावच्या कोर्टात वकील झाला. मंग मी तेच कार्ड घेऊन चार दारी फिरून आले. तुझी द्वारका आत्या म्हने, आई, कोपरे झिजतील त्याचे. म्हनलं झिजू दे, कार्ड काय पेटीत ठेवायला येतं का. सुरजमल शेठच्या दुकानात गूळ घ्यायला गेले तिथं बी दाखवलं. शेठ म्हनले, आजी, आता कज्जा कराया पाहिजे एखादा, वकील घरचाच हाय. लई हसू आलं.

तू लिव्हलंस की वकिलांच्या संघानं तुला सभासद करून घेतलं अन् खोलीत खुर्ची दिली. बद्री, त्या खोलीतली सतरंजी तुझे आबा रोज झटकायचे. रांजण भरून ठेवायचे. जल्मभर संघाचे मुन्शी, पण खुर्चीवर कधी बसले न्हाईत, दाराशी स्टुलावर बसायचे. आज असते तर तुला खुर्चीवर बघून त्यांनी पुन्हा एकदा सतरंजी झटकली असती.

तू इचारलंस संघ कसा सुरू झाला, तुला इतिहास लिहाया लावलाय म्हनून. मी काय सांगनार, मला अक्षरं बी आबांनीच शिकवली, खराब झालेल्या कागदांवर. पण हे माझ्या डोळ्यांपुढचं हाय. तवा निजामाचं राज. कोर्टाचे मुन्सिफसाब वकिलांना बसू द्यायचे न्हाईत, पुकारा होईपर्यंत उन्हात उभं. एक दिवस वैशाखात रामराव वकील भोवळ येऊन पडले. इनायत अली वकिलांनी त्यांना उचललं, पायरीवर बसवलं, अन् सोता शेजारी बसले. म्हनले, बसायला जागा मिळाल्याबिगर आत कुनी जायाचं न्हाई. नऊ वकील व्हते, नऊच्या नऊ पायऱ्यांवर बसले. तीन दिवस कोर्टात एक तारीख चालली न्हाई. चौथ्या दिवशी दाण्याच्या कोठीची खोली मिळाली. तोच तुमचा संघ.

मंग त्यांनी कायदे केले आपसात. कुनी दुसऱ्याचा पक्षकार फोडायचा न्हाई. कुनी आजारी पडलं तर त्याच्या तारखा दुसऱ्यानं चालवायच्या. रामरावांचा पाय मोडला तवा इनायत वकिलांनी तीन महिने त्यांची सारी कामं चालवली. दोघांची लई दोस्ती. डबा बी एकच, इनायत वकिलांच्या घरच्या जन्नतबीच्या हातचा.

अंगावरचा कोट धुवायला टाकू नको, बिघडतो म्हनतात, उन्हात टाकत जा.

तुझी आजी


रोहिणगाव
१९ जानेवारी १९५८

प्रिय आजी,

तुझे पत्र मी आमचे सेक्रेटरी नवलकिशोरजी यांना वाचून दाखवले. पायऱ्यांवर बसण्याची हकिकत कोणालाच ठाऊक नव्हती. ते म्हणाले, इतिहास तुझ्या आजीलाच लिहायला द्यायला हवा होता. एप्रिलच्या पंधरा तारखेला संघाला पंचवीस वर्षे पूर्ण होतात. त्या दिवशी मी तो वाचून दाखवायचा आणि मग छापायचा असे ठरले आहे. आणखी एक आनंदाची गोष्ट. खोलीत आबांचा फोटो लावायचा ठरावही झाला, रामराव वकिलांच्या फोटोशेजारी.

जुन्या वह्यांची ट्रंक सापडली. अठ्ठेचाळीसपर्यंतचे सगळे उर्दूत आहे, आणि बरेचसे आबांच्या हातचे. त्यात एक गश्ती वही आहे. बैठक ठरली की ती वही आबा प्रत्येक वकिलाच्या घरी नेत आणि वाचल्याची सही घेत, ना? नवलकिशोरजींनी मला तिचा नियम सांगितला. कोणी घरी सापडला नाही तर वही दुसऱ्या दिवशी पुन्हा न्यायची. पण वाचून सहीला नकार दिला, तर त्याने संघ सोडला असे धरायचे. हा कडक नियम रामराव वकिलांनीच केला होता.

त्याच नियमाने इनायत अली वकील संघाबाहेर गेले, अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शन होऊन निजामाचे राज्य गेले, त्यानंतरच्या पहिल्याच बैठकीच्या वेळी. तुझ्या पत्रात त्यांची एवढी दोस्ती वाचून मला नवल वाटले. ते अजून येतात. कोर्टासमोरच्या हॉटेलच्या बाकावर शेरवानी घालून बसतात, कोणाला अर्ज लिहून देतात. आमच्या खोलीत पाऊल टाकत नाहीत. पण आबांचे घाईतले उर्दू अक्षर नीट लागते ते त्यांनाच, म्हणून मी त्यांच्याकडे वह्या घेऊन जाणार आहे.

त्यांनी नकार का दिला असेल? आबा कधी काही बोलले होते का?

तुझा
बद्रीनाथ


वाटूर
२७ जानेवारी १९५८

माझ्या बद्रीला,

फोटोचं वाचून डोळे भरले. त्यांचा एकच फोटो हाय, पागोट्यातला, तो जालन्याला नेऊन मोठा करावा लागंल. द्वारका जानार हाय जालन्याला, तिच्यासंगं देते. काच बराबर बसव म्हनावं, हलती राह्यली तर आत कीड जाते.

बाकी ते इनायत वकिलांचं मला काय ठाऊक असनार. बायामाणसांना कोन सांगतंय. अन् त्या म्हाताऱ्या माणसाला वह्या वाचाया लावू नको बाबा, नजर गेली असंल त्यांची. जुन्या वह्यांना वाळवी असते, तुझ्या नव्या कोटाला लागंल. मी सांगितलं तेवढं लिव्ह, पायऱ्यांचं. तेवढा इतिहास बास झाला.

इकडं हरभरा चांगला हाय. द्वारकाच्या म्हशीनं लाथ मारली तवापासून मी धारेला जात न्हाई. तुझ्यासाठी करडईचं तेल काढून ठेवलंय. तुला बघाया कोन कोन येऊन राह्यलंय ते कळव, वकील झाल्यावर आता मुलीवाले थांबनार न्हाईत.

त्या वह्या ट्रंकेत ठेवून दे.

तुझी आजी


रोहिणगाव
२० फेब्रुवारी १९५८

प्रिय आजी,

उशीर झाला, रागावू नकोस. तू नको म्हणालीस तरी मी इनायत अली साहेबांकडे गेलो. काम फत्ते झाले, पण शेवट काही बरा झाला नाही.

मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी मला आत बसवले. चार दुपारी ते वाचत होते आणि मी मराठीत उतरवून घेत होतो. चष्मा लावून बरोबर वाचतात. आबांचे अक्षर पाहून पहिल्या दिवशी खूप हसले. म्हणाले, "हा काफ बघा, हा उर्दू क. मी शिकवला तुमच्या आबांना. किती मार खाल्लाय त्यांनी या एका हरफासाठी." संघाने पुस्तकांचे कपाट कसे आणले, एका मुन्सिफाची हैदराबादेला तक्रार कशी केली, सगळे रंगून सांगितले. जन्नतबी मधे येऊन म्हणाल्या, "बेटा, दस बरसांत इतकं बोलले न्हाईत हे."

चौथ्या दुपारी गश्ती वहीचे शेवटचे पान आले. ते एकेक नाव वाचत गेले. रामराव, सही. नवलकिशोर, सही. असे आठ. मग नववे. "इनायत अली. पढ़कर दस्तखत से इनकार." तेवढे वाचले आणि थांबले. मला म्हणाले, "हे कोणाचं अक्षर?" मी म्हणालो, आबांचंच. त्यांनी चष्मा पुसून ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाले, "तुमचे आबा, भुजंगराव, खोटं लिहीत नव्हते." वही मिटून माझ्या हातात दिली. दारापर्यंत आलो तेव्हा विचारले, "त्या वेळचं घरात कोणी आहे?" मी तुझे नाव सांगितले. म्हणाले, "त्यांना माझा सलाम लिहा."

मला वाटते, आपण तेव्हा ताठ्याने वागलो याची त्यांना लाज वाटली असावी. मी इतिहासात सौम्य शब्द घालतो. "काळाच्या ओघात इनायत अली साहेबांनी स्वखुशीने संघ सोडला." आबांची नोंद पुरावा म्हणून आहेच.

तुझा
बद्रीनाथ


वाटूर
२६ फेब्रुवारी १९५८

बद्री,

स्वखुशीनं लिहू नको. बाकीचं बसून वाच, अन् एकटाच वाच.

ती नोंद आबांच्या हातची हाय, पण त्यांनी डोळ्यांनी काही पाह्यलं न्हाई. म्या सांगितलं तसं लिव्हलं. ते झूठ नव्हते लिहीत. मी बोलले झूठ.

त्या साली दसरा होऊन गेल्ता. आबांना मुदतीचा ताप, उठवत नव्हतं. रामरावांनी वही पाठवली, की दोन दिवसांनी बैठक हाय, कोर्ट पुन्हा सुरू व्हायचंय, सगळ्यांची सही पाहिजे. आबा म्हनले, तुळजा, तुला घरं ठाऊक हायत, तू फिरव. मला त्याचा बी अभिमान वाटला बघ. पदर घट्ट खोचून संघाची वही घेऊन निघाले. आठ घरं झाली. कुनी म्हनलं, आता मुन्शीनबाईच वकिली करनार. नववं घर पुलापल्याड, इनायत वकिलांचं.

तवाचे दिवस तुला ठाऊक न्हाईत, तू परभणीला मामाकडं होतास. आधी रझाकारांच्या भ्यानं रोहिणगावची आपली आळी दार लावून बसली. मंग फौज आली अन् त्यांची आळी दार लावून बसली. कुनी कुनाकडं जात नव्हतं. मी पुलावर गेले. समोर सारी दारं बंद, गल्लीत एक मानूस न्हाई. मला कुनी अडवलं न्हाई, कुनी एक शबुद बोललं न्हाई. नुस्ती बंद दारं बघून माझे पाय वळले. ज्या घरचं मी ईदेला खाल्लं त्या घरापासून शंभर पावलांवरून मी परत फिरले. भ्यायचं तर त्यांनी, अन् भ्याले मी.

आबांनी इचारलं, इनायतसाबांची सही? मी म्हनले असते की घरी न्हाईत, तर उद्या पुन्हा जावं लागलं असतं. तुझ्या त्या नियमाचा पहिला भाग मला ठाऊक व्हता. दुसरा नव्हता. म्हनून म्हनले, वाचली, पण सही करनार न्हाई म्हनले. मला वाटलं वकील लोकांचं काही तरी रुसणं-फुगणं असंल, होईल मिटून. आबा खाटेवर उठून बसले. मला तीनदा इचारलं. मंग लिव्हलं. 

त्यांना नियम ठाऊक व्हता ना. मला म्हनले, हे लिव्हलं म्हंजे ते गेले संघातून. तवा बी मी बोलू शकले असते. चुलीकडं गेले.

आबा बरे झाल्यावर इनायत वकिलांकडं कधी गेले न्हाईत. म्हनायचे, नकारच दिला त्यांनी, तर मी कोन्या तोंडानं जाऊ. अन् तिकडून ते बी आले न्हाईत. त्यांना वाटलं असंल आपल्याला बोलावलंच न्हाई. आबा गेले तवा मी सांगू सांगू म्हनलं, पण मरनाऱ्याला काय सांगायचं म्हनून राह्यलं. खरं म्हंजे मला त्यांच्या डोळ्यांची भीती वाटली.

तुझं कार्ड घेऊन मी आळीभर मिरवले, अन् ज्या खोलीत तुला खुर्ची मिळाली तिथली एक खुर्ची म्या खाली केली. आता पंधरा तारखेच्या आत हे नीट लिव्ह. माझं नाव घालून लिव्ह.

आजी


रोहिणगाव
२२ मार्च १९५८

आजी,

महिनाभर उत्तर लिहिले नाही. तीन वेळा लिहायला घेतले आणि फाडले.

तुझा राग नाही. राग आला होता, तो आता राहिला नाही. पण तू माझी जागाही समजून घे. मला इथे येऊन तीन महिने झालेत. हे वाचले तर लोक म्हणतील की संघाची नोंद खोटी, आणि ती लिहिणाऱ्याचा नातू उठून सांगतो आहे. आबांच्या फोटोचा ठराव मागे घेतील. शिवाय रामराव वकील हयात नाहीत, आबा नाहीत. साक्षीदार तू एकटी, आणि तुझेही वय झाले. दहा वर्षांपूर्वीचे कोण मानणार?

मी मधला मार्ग काढला आहे. अठ्ठेचाळीस सालाबद्दल काही लिहीतच नाही. स्वखुशीने हा शब्दही नाही आणि नकारही नाही. त्या सालची वही वाचता येत नाही असे एक वाक्य घालतो. कोणाचेच वाईट होणार नाही. तुझे पत्र मी कुलपात ठेवले आहे.

तब्येतीला जप.

बद्रीनाथ


वाटूर
९ एप्रिल १९५८

बद्री,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायच्या आधी मी रोहिणगावला जाऊन आले. तुझ्याकडं आले न्हाई. तुला बघितलं असतं तर माझा धीर गेला असता, तू गोड बोलून मला घरी बसवलं असतं. वकील झालास ना तू. तुझं पत्र वाचून मला तेच वाटलं, चांगला वकील झालास. अन् हे बी वाटलं, की हे माझ्याकडूनच शिकलास. म्या बी तेच केल्तं, कुनाचं वाईट होनार न्हाई असं झूठ.

सकाळच्या मोटारीनं गेले. आधी नवलकिशोर वकिलांच्या घरी. त्यांना मी तवाची ठाऊक व्हते, वही घेऊन फिरनारी. म्हनलं, मला बयान द्यायचंय. ते आधी हसले. मंग मी सांगत गेले तसं त्यांनी चष्मा काढून ठेवला. म्हनले, बाई, मी तिथंच व्हतो त्या बैठकीत. कागद पुढं केला. मी सोता लिव्हलं सारं, अन् अंगठा न्हाई, खाली सही केली. ते म्हनले, पंधरा तारखेला तुझ्या इतिहासाच्या आधी हे वाचतील, अन् ती नोंद रद्द केल्याचा ठराव करतील. तू वाचता येत न्हाई असं लिहायची आता गरज न्हाई. आबांच्या फोटोचं मी इचारलं न्हाई. ते तुम्ही लोक ठरवा.

मंग पूल उतरून गेले. त्या गल्लीत आता साऱ्यांची दारं उघडी असत्यात. जन्नतबीनं वळखलं. "अगं मुन्शीन, किती वाळलीस," म्हनली. इनायत वकील ओट्यावर व्हते, उठून उभे राह्यले. "बसा, भाभी." मी बसले न्हाई. उभ्यानंच सांगितलं, जसं तुला लिव्हलं तसं. पुलाचं, दारांचं, सारं. मला वाटलं ते रागं भरतील, अन् मला तेच पाहिजे व्हतं. पण ते नुस्ते ऐकत राह्यले. मंग म्हनले, "भाभी, एकच सांगा. ती वही रामरावला कोणी दिली? तो काय म्हणाला?"

बद्री, हे मी तुला बी लिव्हलं नव्हतं. वही मीच नेऊन दिली, आबा तापात व्हते ना, बैठकीच्या दिवशी. रामरावांनी ती नोंद वाचली अन् म्हनले, इनायत असं करनार न्हाई, थांबा जरा. साऱ्यांना बसवून ठेवलं. दोनदा पायरीवर जाऊन पुलाकडं बघून आले. घंटाभर बैठक सुरू केली न्हाई. मंग माझ्यापुढं येऊन उभे राह्यले, म्हनले, "बाई, खरंच नकार दिला का त्यानं?" तवा मी बोलले न्हाई, मान हलवली. व्हय म्हनून. तोंडानं एकदाच झूठ बोलले असं मी सोताला सांगत आले, पण ते दुसरं झूठ मोठं व्हतं, त्यांच्या डोळ्यांत बघून केलेलं.

हे मी इनायत वकिलांना सांगितलं. ते म्हनले, "घंटाभर?"

म्हनलं, व्हय.

"दोनदा बाहेर आला?"

म्हनलं, व्हय.

 जन्नतबी तिथंच दाराला टेकून उभी. तिनंच सांगितलं, हळू, जसं घरातलं कुनाला सांगू नये तसं. रामराव वकील गेले तवा त्यांची अंत्ययात्रा याच गल्लीवरून नदीकडं गेली. साऱ्या गल्लीनं दारात उभं राहून बघितलं. "यांनी दार लावून घेतलं," म्हनली. "म्हनले, त्यानं मला बोलावलं नव्हतं, मी कशाला जाऊ."

इनायत वकील उठले अन् आत गेले. जन्नतबीनं चहा आनला. मी घेतला न्हाई, तिनं बी घेतला न्हाई.  मोटारीची वेळ होईपर्यंत मी तिथं बसले. ते बाहेर आले न्हाईत.

पंधरा तारखेला ठराव होईल तवा त्यांना बोलवायला तू सोता जा. येतील का न्हाई मला ठाऊक न्हाई. आले न्हाईत तर त्यांना ताठ्याचे म्हनू नको, अन् दुसऱ्या कुनाला बी म्हनू देऊ नको.

तू इचारशील, त्यांनी माफ केलं का. म्या माफी मागितलीच न्हाई. मागायला तोंड उघडलं व्हतं, तर वाटलं, इतकं सारं त्यांचं नेलं, आता हे बी त्यांच्याच घरातून घेऊन जायचं का.

आजी